हौसाताईंची पाचवी ओळ

आमच्या संग्रहालयात आता प्रत्येक वस्तूखाली तो काळ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवलेला आहे. त्याच्यासमोर मोबाइल धरला की माहिती ऐकू येते. आवाज मधाळ आहे, मराठीही शुद्ध आहे. मागच्या आठवड्यात पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. त्या आवाजानं तांब्याच्या एका घंगाळाबद्दल चार मिनिटं सांगितलं आणि तेवढ्यात ‘वैभवशाली’ हा शब्द तीनदा आला. मला हौसाताईंची इतकी आठवण आली की पाहुण्यांना तिथेच सोडून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

रविवार कारंजावरून गंगेकडे, म्हणजे आमच्या नदीकडे, उतरताना ही दुमजली इमारत लागते. खाली शहराच्या इतिहासाच्या वस्तू, वर चित्रं. एका जुन्या संस्थेचं हे संग्रहालय. पूर्वी तिथे एक शिकलेले प्रमुख होते, ते पुण्याला गेले आणि मग त्यांची जागा भरायची राहून गेली. हौसाताई हजेरीपटावर शिपाई होत्या. दार उघडणं, झाडणं, पाणी भरणं हे त्यांचं काम. प्रमुख गेल्यावर वस्तूंकडे बघायला कुणी उरलं नाही म्हणून त्या बघायला लागल्या, आणि पुढची वीस वर्षं ते संग्रहालय त्यांनीच चालवलं. शिक्षण सातवी.

मखमलाबादच्या बाजूला त्यांचं शेत. फुलं आणि थोडी भाजी. पहाटे दिराच्या टेम्पोतून बाजारात यायचं, झेंडूचे क्रेट उतरवायचे आणि दहाच्या ठोक्याला संग्रहालयाचं कुलूप काढायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्यामुळे आमच्या इतिहास विभागाला दुपारपर्यंत झेंडूचा वास येत असे.

मी तिथे गेलो तो निव्वळ पंख्यासाठी. सातपूरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये छत्तीस वर्षं नकाशे काढून मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि माझं दिवसभर घरात असणं बायकोच्या डोक्यावर बसलं होतं. एप्रिलच्या दुपारी आत शिरलो आणि बाकावर टेकलो. एक ठेंगणी बाई समोर येऊन उभी राहिली. चष्म्याला दोरी, पदर खोचलेला.

“बसायचं तर बसा भाऊ, पण आधी एक वस्तू बघून या.”

“एकच?”

“सगळं बघितलं की काहीच बघून होत नाय. एक बघा आणि मला येऊन सांगा.”

मी ते तांब्याचं घंगाळ बघून आलो आणि ऐटीत सांगितलं, घाट चांगला आहे, उंची साधारण दीड फूट, दोन कड्या. शेवटी नकाशे काढणारा माणूस मी.

“कुठली कडी झिजलीय?”

मला माहीत नव्हतं. त्यांनी मला परत पाठवलं. डावी कडी निम्म्याहून जास्त झिजलेली होती, उजवी जवळपास नवी. म्हणजे ते घंगाळ वर्षानुवर्षं कुणीतरी एकाच हातानं ओढत नेत होतं. आयुष्यभर मिलिमीटरचे दहावे भाग मोजलेल्या मला ते दिसलं नव्हतं. मला राग आला, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो.

माझं अक्षर त्यांना कळलं तेव्हापासून मी त्यांचा कारकून झालो. ड्रॉइंग बोर्डावर घोटलेलं सरळ अक्षर. जुनी लेबलं पिवळी पडली होती, ती नव्यानं लिहायची होती. हौसाताई सांगणार, मी लिहिणार. नियम दोन. लेबल चार ओळींच्या वर जाता कामा नये, आणि सातवी शिकलेल्या माणसाला एका दमात कळलं पाहिजे. “मला कळलं की सगळ्यांना कळलं,” असं त्या म्हणायच्या. मी हौसेनं एखादा भारदस्त शब्द घातला की त्या चष्म्यावरून बघायच्या. एवढं पुरायचं. मी तो खोडायचो.

सिन्नरकडच्या एका शेतात सापडलेला दगडी दिवा होता. त्याचं लेबल असं: ‘दगडी दिवा. सिन्नरजवळ नांगरताना निघाला. किती जुना ते माहीत नाही. वातीची जागा काळी आहे, म्हणजे वापरात होता.’ एकदा एक अभ्यासक आले. गळ्यात कॅमेरा, सोबत दोन विद्यार्थी. ते लेबल वाचून त्यांना हसू आलं.

“बाई, माहीत नाही असं संग्रहालयात लिहितात का?”

“मग कुठं लिहितात?” हौसाताईंनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. अभ्यासक म्हणाले, निदान ‘प्राचीन’ तरी लिहा. “किती प्राचीन?” अभ्यासक पुढच्या वस्तूकडे वळले. जाताना मात्र त्यांनी त्या लेबलाचा फोटो काढला, हे मी पाहिलं.

चुकीचं लिहिलेलं बदलायला मात्र त्यांना अजिबात कमीपणा वाटत नसे. तांबट आळीतून आलेली काही हत्यारं होती, त्यात एका वाकड्या हातोडीला आम्ही ‘ठोकण्याची हातोडी’ असं लिहिलं होतं. सुट्टीच्या दिवशी आमच्या सातपूरच्या प्रेस शॉपमधला एक फिटर बायकापोरांना घेऊन आला होता. तो त्या हातोडीसमोर रेंगाळला. हौसाताई लगेच त्याच्यापाशी. “काय चुकलंय का?” तो लाजत म्हणाला, हिनं ठोकत नसणार, तोंड गोल आहे, आतून पोचे काढायची असेल. त्यांनी त्याला तीनदा करून दाखवायला लावलं आणि संध्याकाळच्या आत माझ्याकडून नवं लेबल लिहून घेतलं. चौथी ओळ होती: ‘हे सातपूरच्या एका फिटरनं सांगितलं.’ तो फिटर पुढच्या महिन्यात आपल्या पाच मित्रांना ते लेबल दाखवायला घेऊन आला.

सगळं गोडच होतं असं नाही. हट्टी होत्या. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी यायची, त्यांना त्या दारातूनच परत पाठवायच्या. “लग्न झाल्यावर या, तेव्हा एकमेकांचं तोंड बघायचं संपलेलं असंल, मग वस्तू बघाल.” चहा फक्त खालच्या ऑफिसात, तोही इतक्या आल्याचा की घसा सोलून निघावा. आणि धूळ पुसायची नाही, उचलायची. त्यासाठी त्यांच्याकडे दाढीचा एक ब्रश होता. मी एकदा फडकं फिरवलं तर आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होत्या.

आता वरच्या मजल्यावरच्या त्या चित्राबद्दल सांगतो.

शहरातले एक जुने ड्रॉइंग मास्तर वारले, तेव्हा त्यांच्या घरून चित्रं आणि वह्या संग्रहालयात आल्या. त्यात एक मोठं तैलचित्र होतं. हिरवा शालू, मोठी नथ, मांडीवर हात ठेवून बसलेली तरुण बाई. मागे नाव नाही, साल नाही. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब ते बघायला आले. संस्थापकांचे ते नातू. त्यांनी चित्र पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांची आजी त्यांच्या जन्माआधीच गेली होती, तिचा एकही फोटो घरात नव्हता. वडील सांगायचे, आईचा हिरवा शालू होता, मोठी नथ होती. मास्तरांचं त्यांच्या आजोबांकडे येणंजाणंही होतं. “ही माझी आजी,” आबासाहेब म्हणाले. हौसाताईंनी तसं लेबल करून लावलं. ते मी येण्याच्या आधीचं.

तेव्हापासून दर वर्धापनदिनाला आबासाहेब वर येऊन त्या चित्राला हार घालायचे. हार हौसाताई स्वतः ओवायच्या, घरच्या फुलांचा. अकरा वर्षं हे चाललं. आणि हेही सांगायला हवं, की मधल्या काळात संस्थेतल्या काही जणांना ही जागा भाड्यानं द्यायची होती, तेव्हा आबासाहेब एकटे आडवे उभे राहिले होते. आजी ज्या घरात आहे ते घर मी देणार नाही, असं ते म्हणाले होते.

बाराव्या वर्षी, वर्धापनदिनाला आठ दिवस राहिले असताना, ठकूबाई नावाच्या एक आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या, नातीचा हात धरून. नातीला कॉलेजचं काहीतरी लिहायचं होतं, आजीला एकटं घरी कसं सोडायचं म्हणून बरोबर आणलेली. जिना चढून म्हातारी वर आली आणि त्या चित्रासमोर मटकन खाली बसली. आम्हाला वाटलं चक्कर आली. हौसाताई पाणी घेऊन धावल्या.

“ही माझी आई हाय,” म्हातारी म्हणाली.

हौसाताईंनी समजूत घातली. आजी, ह्या संस्थेच्या मोठ्या बाई हायेत, तुमची आई यांच्यासारखी दिसत असंल. म्हातारी ऐकेना. सांगायला लागली, आई गंगेवर फुलं विकायची. मास्तर रोज तिच्याकडून फुलं घ्यायचे. एकदा म्हणाले, गोदाबाई, तुझं चित्र काढतो. शालू, नथ त्यांनीच कुठून तरी आणली. शालूला डाग पडंल म्हणून आई तीन दिवस पाणीसुद्धा न पिता बसली होती, आणि मी दारात बसून बघत होते.

“आणि बाई, तुम्ही बोट बघा की तिचं.”

हौसाताईंनी स्टूल ओढलं. माझ्याकडे नकाशांसाठीचं भिंग असायचं, ते मागून घेतलं. चित्र उंचावर, हात शालूच्या घड्यांत, सावलीत. त्या बराच वेळ बघत होत्या. मग भिंग माझ्याकडे दिलं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या पेरावर बारीक तपकिरी रेघ होती. हार ओवताना दोरा ओढून ओढून पडलेली खाच. मी ती बघून खाली उतरलो, तेव्हा हौसाताई स्वतःचा उजवा हात समोर धरून उभ्या होत्या. त्यांच्या बोटावर तीच खाच, त्याच जागी.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “अकरा वर्षं मी शालू बघितला.”

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. ठकूबाईंना रिक्षात बसवून दिल्यावर त्यांनी मास्तरांच्या वह्यांचं कपाट उघडलं. एकेक पान उलटत दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सापडलं. पेन्सिलीनं काढलेला नुसता हात, बोटावर ती खाच, आणि खाली मास्तरांच्या अक्षरात: ‘गंगेवरची गोदा. फुलांचा हात.’

मला वाटलं होतं, आता वर्धापनदिन होऊन जाऊ देतील. संस्थेच्या सेक्रेटरींनीही फोनवर तेच सुचवलं, हवं तर लेबलच काढून ठेवा, कुणाला काय कळतंय. हौसाताईंनी वही धुतलेल्या पंच्यात गुंडाळली आणि मला म्हणाल्या, “चला, गंगापूर रोडला जायचंय.”

आबासाहेबांच्या बंगल्यात त्या सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या. चहा आला, त्याला हात लावला नाही.

“आबासाहेब, माझ्याकडून चूक झाली. त्या चित्रातल्या बाई तुमच्या आजी नायत.”

आबासाहेब आधी हसले. मग त्यांनी वही पाहिली.

“बोटावर एक रेघ आहे,” ते म्हणाले. “तेवढ्यावरून माझी आजी काढून घेणार तुम्ही?”

“तुमची आजी मी कशी काढून घेईन? पण त्या बाईची लेक जित्ती हाय. तिच्याकडं बी आईचा दुसरा फोटो नाय.”

“हौसाबाई, अकरा वर्षं मी तिला हार घालतोय.”

“ते हार मीच ओवले. याच बोटानं. मला दिसायला पायजे होतं का नाय? म्हणून चूक माझी, तुमची नाय.”

आबासाहेब उठून खिडकीपाशी गेले. इतका सभ्य माणूस, पण त्यांचा आवाज चिरकला. “लेबल बदलायचं नाही. बदलायचंच असेल तर वर्धापनदिन झाला की किल्ल्या माझ्या हातात द्या.”

“बरं,” हौसाताई म्हणाल्या आणि नमस्कार करून निघाल्या.

रस्त्यावर आल्यावर मी त्यांना म्हटलं, निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत, नीट विचार करा. त्या चालत राहिल्या. बस स्टॉपवर पोहोचल्यावर म्हणाल्या, “भाऊ, उद्यापासनं मी लोकांना बघायला सांगायचं ते कुठल्या तोंडानं?” मग माझ्याकडे वळून, “लिहाल ना?”

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. छत्तीस वर्षांत मी वरिष्ठांच्या सहीशिवाय नकाशातली एक रेघ बदलली नव्हती. पण त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: ‘गोदाबाई. गंगेवर फुलं विकत असत. शालू आणि नथ मास्तरांनी चित्रापुरती आणली होती. उजव्या हाताचं बोट पाहावं.’ चार ओळी झाल्या. मी पेन खाली ठेवलं.

“अजून एक ओळ हाय,” हौसाताई म्हणाल्या.

“पाच होतील.”

“होऊ द्या.” आणि त्यांनी सांगितलं: ‘आधी इथे दुसरं नाव होतं, ती चूक हौसाबाईंची.’

वर्धापनदिनाला ठकूबाई नातीबरोबर आल्या. हौसाताईंनी त्यांना चित्रासमोर खुर्ची दिली होती. अकराच्या सुमारास आबासाहेब जिना चढून आले, मागे संस्थेची मंडळी, हातात ताट, ताटात नेहमीसारखा हार. ते लेबलासमोर थांबले. चष्मा काढला, पुसला, लावला आणि पाचही ओळी वाचल्या. त्यांनी एकदा खुर्चीतल्या म्हातारीकडे पाहिलं, ताट शेजारच्या बाकावर ठेवलं आणि खाली निघून गेले. मंडळीही त्यांच्या मागून गेली.

“कोण होते?” ठकूबाईंनी विचारलं.

“ज्यांनी तुमच्या आईला एवढे दिवस जपलं ते,” हौसाताई म्हणाल्या. त्यांनी ताटातला हार उचलून म्हातारीच्या हातात दिला, आणि नातीनं आणि मी तिला दोन्हीकडून धरून स्टुलावर उभं केलं. तिनं आईला हार घातला. खाली उतरल्यावर ती आईच्या बोटाकडे बघत रडत राहिली, आणि मला मान वळवून गंगेकडच्या खिडकीतून बाहेर बघावं लागलं.

हौसाताई मात्र तिथे थांबल्या नाहीत. मी खाली आलो तेव्हा बाकीची मंडळी अंगणात पेढे खात होती. ऑफिसचं दार अर्धवट उघडं होतं. आत आबासाहेब एकटेच टेबलाशी बसले होते. हौसाताईंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला आणि कपाटातून एक जाड वही आणली. संग्रहालय सुरू झालं तेव्हाची, भेट देणाऱ्यांच्या सह्यांची पहिली वही. ठकूबाई आल्या त्या दिवसापासून वह्या उलटताना त्या फक्त गोदाबाईंना शोधत नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं.

“हे तुमच्या आजोबांचं नाव,” त्या म्हणाल्या. “आणि हे त्याच्या खाली.”

मी दारातून वाकून पाहिलं. आजोबांच्या वळणदार सहीखाली एकच शब्द होता. मोठाली, वेडीवाकडी अक्षरं, ओळीवरून घसरलेली. यमुना.

आबासाहेब वहीवर वाकले. “आजीचं नाव,” ते म्हणाले. “हे तिनंच लिहिलंय? नक्की?”

हो म्हणणं किती सोपं होतं. मी मनातल्या मनात म्हणालो, बाई, आता तरी हो म्हणा.

“शाई तुमच्या आजोबांच्या सहीचीच हाय,” हौसाताई म्हणाल्या. “अक्षर नव्यानं लिहायला शिकलेल्या माणसाचं हाय. पण माझ्या डोळ्यादेखत लिहिलेलं नाय, आबासाहेब. एवढंच सांगू शकते.”

आबासाहेबांनी मान हलवली. त्यांच्या कोटाला गुलाबाचं फूल लावलेलं होतं, ते त्यांनी काढलं. “हे ठेवू का यावर?”

“नको. कागदाला ओल लागंल.”

त्यांना हसू आलं, आणि त्या हसण्यातच ते रडले. मग रुमाल शोधता शोधता, वर न बघताच, दुसऱ्या हातानं त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावरून हौसाताईंकडे सरकवला.

“मग मी काय करू?”

“वाचा ना,” हौसाताई म्हणाल्या.

पहाटे बाजारात आल्यापासून त्या बसलेल्या नव्हत्या. किल्ल्या लगेच उचलल्या नाहीत की खुर्ची ओढली नाही. वहीच्या दोन्ही बाजूंना हात घालून त्यांनी ती उचलली, आबासाहेबांच्या डोळ्यांसमोर उजेडात धरली आणि त्यांचं वाचून होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. वाचायला एकच शब्द होता.